क्लबचं अ‍ॅप आणि क्लबचा इतिहास: स्क्रीन काढण्याआधी काय ठरवायचं?

कॉर्नरझेंडा
फुटबॉल क्लबांची अ‍ॅप उघडून पाहिली तर सामने, तिकिटं, दुकान, व्हिडिओ हे विभाग सगळीकडे सारखेच. 'इतिहास' मात्र बहुतेक ठिकाणी कसाबसा उरकलेला असतो: एक लांबलचक लेख, खाली चषकांची चित्रं, झालं. शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या क्लबचा इतिहास नीट मांडायचा असेल, म्हणजे कुठलाही सामना, कुठलाही खेळाडू, कुठलाही हंगाम शोधता यायला हवा असेल, तर आधी कशाकशाचा निकाल लावावा लागतो?

माझ्या मते यात डिझाइनपेक्षा हिशेबनिशी जास्त आहे. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे लेखी ठरलं नाही, की खेळाडूच्या पानावर एक आकडा आणि विक्रमांच्या पानावर दुसरा दिसतो. चाहते नेमकं तेच आधी पकडतात. जाणकारांनी भर घालावी.

टिंगलटवाळ
सोपं आहे. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची आजची सर्वोच्च लीग, १९९२ मध्ये आली. इतिहास तिथूनच सुरू करा, निम्मं काम तिथेच संपतं. इंग्लंडमध्ये अनेकांचा तसाही तेव्हाच सुरू होतो :)

गोलफरक
@टिंगलटवाळ, चेष्टा सोडा, ही खरी अडचण आहे. प्रीमियर लीगचा सर्वाधिक गोलवाला म्हणजे अ‍ॅलन शियरर, २६० गोल. पण इंग्लंडच्या सर्वोच्च विभागाचा विचार केला तर जिमी ग्रीव्हज, ३५७ गोल. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न फक्त वेगळे. 'लीग गोल' असा एकच रकाना ठेवला तर त्यातला कुठला आकडा दाखवायचा ते अ‍ॅपला कळणार कसं? म्हणून स्पर्धेला दोन खुणा हव्यात: स्पर्धेचं त्या काळचं नाव, आणि पिरॅमिडमधली, म्हणजे विभागांच्या उतरंडीतली, पायरी.

आता धाग्याच्या प्रश्नाकडे. पहिला निकाल लावायचा तो गुणतक्त्याचा. जुने तक्ते सामन्यांवरून पुन्हा मांडायचे असतील तर त्या-त्या हंगामाचे नियम सोबत साठवावे लागतात. इंग्लिश लीगमध्ये १९८१-८२ पासून विजयाला ३ गुण, त्याआधी २. बरोबरी फोडायला १९७६-७७ पासून गोलफरक, त्याआधी गोलसरासरी, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल.

कोड तपासायला १९२३-२४ चा हंगाम घ्या. हडर्सफील्ड आणि कार्डिफ दोघांचे ५७ गुण. हडर्सफील्ड ६०-३३, कार्डिफ ६१-३४. गोलफरक दोघांचाही २७. सरासरी १.८१८ विरुद्ध १.७९४, म्हणून हडर्सफील्ड विजेते. तुमच्या अ‍ॅपने २ गुण ठेवून आजचा बरोबरीचा नियम लावला, तर जास्त गोल केलेला कार्डिफ वर जातो आणि शंभर वर्षांनी इतिहास बदलतो.

टिंगलटवाळ
कार्डिफवाल्यांना हे सांगू नका, ते लगेच डाउनलोड करतील.

बाकावरचा
थोडा विरोधी सूर लावतो. अ‍ॅप उघडलं जातं ते तीन कामांसाठी: संघयादी, गोल, तिकीट. सामन्याच्या दिवशी गेटपाशी नेटवर्क कोलमडलेलं असतं, मागून रांग ढकलत असते. तेव्हा १९२३ चा तक्ता कोणाला हवाय? इतिहासाचं ओझं घालून अ‍ॅप जड करण्यापेक्षा तो वेबसाइटवर ठेवा. आधी तिकीट नेटवर्कशिवाय उघडतं का ते बघा.

सर्व्हरराव
@बाकावरचा, तिकिटाबद्दल पूर्ण सहमत. तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये पास म्हणून टाकलं की ते अ‍ॅपशिवाय आणि नेटवर्कशिवायही चालतं, गेटवरचं यंत्र ते एनएफसीने, म्हणजे फोन जवळ धरल्यावर, वाचतं. अ‍ॅपमध्येच क्यूआर दाखवायचा असेल तर तो दर काही सेकंदांनी बदलणारा हवा, नाहीतर एका स्क्रीनशॉटवर चौघे आत जायला बघतात. पण बदलणारा क्यूआर दर वेळी सर्व्हरकडून मागवला तर गेटवर घोळ ठरलेलाच. त्याची गुप्त किल्ली आधीच फोनवर उतरवून, घड्याळावरून कोड तिथल्या तिथे तयार करायचा. मग एकच तकलादू जागा उरते: फोनचं घड्याळ थोडं पुढे-मागे असेल तर कोड नाकारला जातो. म्हणून यंत्राने मागचा-पुढचा एकेक कोड मान्य करावा.

अ‍ॅप जड होतं हे मात्र पटलं नाही. मजकूर आणि आकडे काही मेगाबाइटमध्ये मावतात. जड असतात ती चित्रं. ती मागितल्यावरच उतरवावीत, यादीत छोटी आवृत्ती आणि बोट ठेवल्यावर मोठी.

निळीजर्सी
गोलच्या नोटिफिकेशनबद्दलही लिहा की कोणीतरी. गोल झाल्याचं कळतं, जल्लोष होतो, मग व्हीएआर म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांची तपासणी, मग गोल रद्द, आणि पडद्यावर दोन्ही संदेश लटकत राहतात.

सर्व्हरराव
त्यावर उपाय आहे, वापरत नाहीत एवढंच. अ‍ॅपलच्या नोटिफिकेशनला एकत्रीकरणाची ओळख देता येते, ६४ बाइटपर्यंत. त्याच ओळखीने दुसरा संदेश पाठवला की पहिल्याची जागा घेतो. अँड्रॉइडवर त्यासाठी टॅग असतो. म्हणून ओळख 'सामना अधिक घटना' अशी ठेवायची: तेविसाव्या मिनिटाच्या गोलाचा संदेश, व्हीएआर तपासणीचा संदेश आणि 'गोल रद्द' या तिघांची एकच ओळख. ओळख फक्त सामन्याची ठेवली तर दुसरा गोल पहिल्याला पुसून टाकतो. एका संदेशाची कमाल मर्यादा ४ किलोबाइट आहे, तेव्हा त्यात अख्खी संघयादी कोंबू नये.

आयफोनच्या लॉक स्क्रीनवरचा जिवंत धावफलक ८ तास चालू राहतो, पुढे जास्तीत जास्त ४ तास नुसता दिसतो. सामन्याला भरपूर झाले, पण तो सकाळीच सुरू करून ठेवला तर संध्याकाळच्या सामन्यात मध्येच गोठतो. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते. पहिल्या स्क्रीनवरच मागितली तर लोक 'नाही' म्हणून मोकळे होतात. एखादा सामना किंवा खेळाडू निवडल्यावर मागावी, तेव्हा कारण समोर दिसत असतं.

कॉर्नरझेंडा
धागा नोटिफिकेशनकडे वळला, हरकत नाही, उपयोगाचं आहे. पण बाकावरचा यांच्या मुद्द्याला एक उत्तर: हंगाम संपल्यावर, खेळाडू विकत घेतल्यावर, जुना खेळाडू वारल्यावर लोक काय शोधतात? त्या दिवशी इतिहास हाच अ‍ॅपचा पहिला विभाग असतो.

रद्दीवाला
स्थापनेच्या वर्षापासून सुरुवात करा. वाटतं तितकं ते सरळ नाही.

म्युनिकचा १८६० हा क्लब नावातच १८६० मिरवतो, पण ती जिम्नॅस्टिक्स मंडळाची तारीख. फुटबॉल विभाग १८९९ चा. हॅम्बुर्ग १८८७ सांगतो. तीन क्लब एकत्र येऊन आजचा क्लब झाला १९१९ मध्ये, १८८७ हे त्यांपैकी सर्वांत जुन्याचं साल. दोन्ही दावे क्लबच्या दृष्टीने खरे आहेत. म्हणून 'स्थापना' असा एक रकाना पुरत नाही. घटनांची साखळी लागते: स्थापना, नामांतर, विलीनीकरण, स्थलांतर, प्रत्येकाला तारीख.

नामांतरं तर पावलोपावली. आर्सेनल १८८६ मध्ये वुलविचला डायल स्क्वेअर म्हणून सुरू झाला, मग रॉयल आर्सेनल, १८९३ पासून वुलविच आर्सेनल, १९१३ मध्ये थेम्स ओलांडून हायबरीला. मँचेस्टर युनायटेड १८७८ ते १९०२ न्यूटन हीथ. सिटी आधी सेंट मार्क्स, मग आर्डविक, १८९४ पासून मँचेस्टर सिटी. १८९० च्या दशकातल्या निकालात 'मँचेस्टर युनायटेड' छापणं चूक, आणि 'न्यूटन हीथ'वर बोट ठेवल्यावर भलत्याच क्लबचं रिकामं पान उघडणं ही त्याहून मोठी चूक. क्लबला एक कायमचा क्रमांक, आणि नावांना 'पासून-पर्यंत' अशा तारखा. प्रतिस्पर्धी क्लबांनाही हेच लागू.

हिरवामरून
यात कोलकात्याचा मोहन बागान घाला. स्थापना १८८९. १९११ ची आयएफए शील्ड, २९ जुलैला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघावर २-१ ने विजय, ती तारीख आजही 'मोहन बागान दिन' म्हणून पाळतात. मग २०२० मध्ये फुटबॉल विभाग एटीके या कोलकात्याच्याच दुसऱ्या क्लबबरोबर एकत्र आला, नाव एटीके मोहन बागान. २०२३ मध्ये मोहन बागान सुपर जायंट. आता एटीकेने आधी जिंकलेली तीन आयएसएल (इंडियन सुपर लीग) विजेतेपदं, २०१४, २०१६ आणि २०१९-२०, ती कुठे दाखवायची? माझं स्पष्ट मत: मोहन बागानच्या कपाटात मुळीच नाही.

गोलफरक
@हिरवामरून, सहमत, आणि उलट्या बाजूचं उदाहरण विम्बल्डनचं. १९८८ चा एफए कप जिंकलेला क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला, २००४ मध्ये नाव बदलून एमके डॉन्स. चाहत्यांनी त्याआधीच, २००२ मध्ये, एएफसी विम्बल्डन उभा केला होता. कागदोपत्री वारसा एकीकडे, माणसं दुसरीकडे. शेवटी २००७ मध्ये एमके डॉन्सने जुन्या चषकांवरचा हक्क सोडला आणि तो ठेवा लंडनमधल्या मर्टन या स्थानिक पालिकेकडे गेला. म्हणजे विजेतेपद कोणत्या कंपनीचं, कोणत्या संघाचं आणि आज कोण मिरवतं, या तीन वेगळ्या नोंदी झाल्या.

चौथी नोंद: अधिकृत मोजणी आणि क्लबची मोजणी. युव्हेंटसची इटालियन विजेतेपदं अधिकृत हिशेबात ३६, क्लब स्वतः ३८ सांगतो. २००४-०५ चं काढून घेतलं आणि कोणालाच दिलं नाही, २००५-०६ चं काढून इंटरला दिलं. क्लबचं अ‍ॅप असेल तर क्लबचाच आकडा दिसणार, त्यात वाद नाही. खाली एक ओळीची टीप द्यायला काय हरकत आहे?

बाकावरचा
टीप देतील? क्लबचं अ‍ॅप म्हणजे क्लबचं वकीलपत्र. टिपेची अपेक्षा करणं म्हणजे पंचाकडून माफीची अपेक्षा करणं.

टिंगलटवाळ
हसून हसून पुरेवाट.

निळीजर्सी
मग पेलेचं काय? त्याच्या सांतोस क्लबच्या अ‍ॅपवर किती गोल दाखवायचे?

गोलफरक
त्याचंच भांडण २०२० च्या डिसेंबरात झालं. मेस्सीने बार्सिलोनासाठी ६४४ वा गोल केला आणि एकाच क्लबसाठी सर्वाधिक गोलांचा पेलेचा ६४३ चा विक्रम मोडला असं सगळीकडे छापून आलं. सांतोसचं म्हणणं, पेलेचे १०९१ आहेत, कारण मैत्रीपूर्ण सामन्यांतले ४४८ का वगळायचे? त्या काळी सांतोस जगभर फिरून युरोपच्या तगड्या संघांशी खेळत होता, हे खरंच आहे. डेटाबेसच्या दृष्टीने उत्तर सोपं: सगळे सामने नोंदवा, प्रत्येकाला प्रकार द्या, बेरीज करताना गाळणी लावा. एकदा केलेली बेरीजच तेवढी साठवून ठेवली तर हा वाद सोडवता येत नाही.

हाच नियम युद्धकाळाला. १९३९-४० चा इंग्लिश लीग हंगाम तीन फेऱ्यांनंतर थांबला आणि ते निकाल अधिकृत नोंदींतून काढून टाकले गेले. ते सामने झाले, गोल झाले, पण विक्रमात नाहीत. 'झाला पण मोजत नाही' अशी स्थिती डेटाबेसमध्ये हवीच.

शून्यशून्य
पेनल्टी शूटआउटचा घोळ राहिला. नियमांच्या दृष्टीने शूटआउट हा सामन्याचा भाग नाही, पुढे कोण जाणार हे ठरवायची ती एक रीत. चॅम्पियन्स लीगची २००५ ची इस्तंबूलमधली अंतिम लढत नोंदीत ३-३ बरोबरी, लिव्हरपूल ३-२ ने शूटआउट जिंकला. प्रशिक्षकाच्या विजय-बरोबरी-पराभव आकड्यांत ती बरोबरीत जाते. अ‍ॅपमध्ये तीन वेगळे रकाने: निर्धारित-अतिरिक्त वेळेचा निकाल, शूटआउट, आणि पुढे गेलेला संघ. शूटआउटमधले गोल खेळाडूच्या खात्यावर चढत नाहीत ना, तेही तपासा, ही चूक फार ठिकाणी दिसते.

आणि यजमान म्हणजे स्वतःचं मैदान असं धरू नका. ओल्ड ट्रॅफर्डवर १९४१ मध्ये बाँब पडले. युद्धानंतर १९४९ पर्यंत युनायटेडचे 'घरचे' सामने सिटीच्या 'मेन रोड' या मैदानावर झाले. टॉटनहॅम २०१७-१८ चा अख्खा हंगाम वेम्ब्लीवर. यजमान एक रकाना, मैदान दुसरा.

रद्दीवाला
संघयाद्यांबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो.

१. पाठीवरचा क्रमांक. इंग्लिश लीगमध्ये क्रमांक सक्तीचे झाले १९३९ मध्ये, आणि हंगामभर एकच क्रमांक व पाठीवर नाव ही प्रीमियर लीगमधली पद्धत १९९३-९४ पासूनची. मधल्या काळातला ९ म्हणजे त्या दिवशी सेंटर फॉरवर्डला खेळलेला माणूस. १९३९ पूर्वीच्या यादीत क्रमांक दाखवायचेच नाहीत. सॉफ्टवेअर आपोआप १ ते ११ भरतं, ते बंद करावं लागतं.

२. राखीव खेळाडू. लीगमध्ये १९६५-६६ पासून, तोही फक्त दुखापतीला. त्याआधीच्या सामन्यात बारावं नाव आलं तर ती नोंद चुकलेली आहे, थेट तांबडी खूण करा.

३. 'ए. एन. अदर'. जुन्या कार्यक्रमपत्रिकांत हे नाव दिसेल. हा खेळाडू अस्तित्वात नाही, जागा भरायला किंवा चाचणीवरच्या खेळाडूचं नाव लपवायला छापत. त्याचं पान तयार झालं तर बहुतेक क्लबांच्या मिळून तो सर्वांत अनुभवी खेळाडू ठरेल.

४. सारखी नावं. १९८६ च्या विश्वचषकाला इंग्लंडच्या चमूत दोन गॅरी स्टीव्हन्स होते, एक एव्हर्टनचा, एक टॉटनहॅमचा. नावावरून जुळवणी केली की दोघांची बेरीज एकाच पानावर.

स्कॅनिंग: बारीक टायपाची पत्रिका ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके), मूळ प्रत टीआयएफएफ प्रकारच्या फाइलमध्ये, अ‍ॅपसाठी वेगळी हलकी प्रत. वृत्तपत्री छायाचित्रांत ठिपक्यांची जाळी असते, ती आकाराने लहान केल्यावर लाटांसारखे पट्टे येतात. स्कॅनरमधला जाळी काढायचा पर्याय लावा, पण फक्त हलक्या प्रतीला. अक्षरओळख ३ आणि ८, १ आणि ७ यांत गल्लत करते. म्हणून यंत्राने वाचलेला निकाल गोलकर्त्यांच्या बेरजेशी ताडायचा. जुळला नाही तर माणसाने बघायचा. स्वयंगोल वेगळा नोंदवलेला नसेल तर ही बेरीज कधीच जुळत नाही.

छायाचित्र क्लबच्या कपाटात आहे म्हणून त्याचा हक्क क्लबकडे असतो असं नाही. छापील प्रत आणि प्रताधिकार वेगळे. मागच्या बाजूला एजन्सीचा शिक्का असतो, तीही बाजू स्कॅन करा.

निळीजर्सी
वाचनखूण साठवली. ए. एन. अदरला फॉलो करायची सोय हवी.

सर्व्हरराव
तारखांवर कोणी बोललं नाही, आणि इतिहास विभाग सगळ्यात आधी तिथेच फुटतो.

लिव्हरपूलची स्थापना १५ मार्च १८९२. ही तारीख 'मध्यरात्र, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ)' अशी वेळ म्हणून साठवली, की न्यूयॉर्कमधल्या फोनवर १४ मार्च दिसते. जन्मतारीख, स्थापना, सामन्याचा दिवस हे नुसती तारीख म्हणून साठवायचे, वेळ चिकटवायची नाही. दुसरं, कुठे जुना ३२ बिटांचा काळमोजणीचा रकाना उरला असेल तर तो १३ डिसेंबर १९०१ च्या मागे जाऊच शकत नाही. एकोणिसाव्या शतकातले सगळे सामने भलत्याच तारखेला जाऊन पडतात.

येणाऱ्या सामन्यांचं उलट. तिथे स्थानिक वेळ आणि 'युरोप/लंडन' असं विभागाचं नाव दोन्ही ठेवा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ बदलतं. दुपारी ३ चा सामना उन्हाळ्यात १४ यूटीसी, हिवाळ्यात १५. नुसता यूटीसीपासूनचा फरक साठवला तर ऑक्टोबरनंतरचं स्मरणपत्र एक तास आधी वाजतं.

शून्यशून्य
जुन्या वेळांतही खाच आहे. १९६८ ते १९७१ ब्रिटन हिवाळ्यातही एक तास पुढेच होतं.

कॉर्नरझेंडा
'आजच्या दिवशी' या सदराबद्दल काय मत? सगळ्यांना आवडतं, म्हणून विचारतो.

रद्दीवाला
यंत्रावर सोडू नका, एवढंच. ६ फेब्रुवारी, युनायटेडच्या संघाची म्युनिकमधली विमान दुर्घटना, १९५८. १५ एप्रिल, लिव्हरपूलच्या चाहत्यांचे जीव घेणारी हिल्सबरो मैदानावरची चेंगराचेंगरी, १९८९. ४ मे, सुपेर्गाची विमान दुर्घटना, १९४९, इटलीच्या तोरिनोचा जवळजवळ अख्खा संघ गेला. या दिवशी 'आजच्या दिवशी ५-० ने जिंकलो' असा रंगीबेरंगी संदेश, खाली दुकानाची सवलत, हे घडू नये म्हणून बंद तारखांची यादी आधीच घालावी लागते, आणि ती जाहिरातीच्या यंत्रणेलाही लागू करावी लागते. तीच हमखास विसरली जाते. प्रतिस्पर्ध्याच्या दुःखाच्या तारखाही यादीत घ्याव्यात.

आकडेही लेखाच्या मजकुरात गाडून ठेवू नयेत. हिल्सबरोच्या मृतांचा आकडा २०२१ मध्ये ९६ वरून ९७ झाला. ज्यांनी तो वीस लेखांत हाताने लिहिला होता त्यांना वीस ठिकाणी शोधावा लागतो, आणि एखादा राहतोच.

बाकावरचा
हे मात्र पटलं. इतिहास ठेवा बुवा अ‍ॅपमध्ये.

शोध मात्र चालू द्या. ओडेगार्ड हा खेळाडू साध्या 'ओ'ने शोधला तर कित्येक ठिकाणी सापडत नाही.

सर्व्हरराव
कारण ओझिल या खेळाडूच्या नावातल्या 'ओ'वरची दोन टिंबं युनिकोडच्या (संगणकी अक्षरसंचाच्या) विघटनात अक्षरापासून सुटी होतात, ती काढून टाकली की साधं 'ओ' उरतं. ओडेगार्डचा नॉर्वेजियन तिरकी रेघवाला 'ओ' आणि फाबियान्स्कीच्या पहिल्या नावातला रेघवाला पोलिश 'एल' सुटे होत नाहीत, ती पूर्ण वेगळी अक्षरं आहेत. त्यांच्यासाठी हाताने जोडतक्ता करावा लागतो. पंधरा-वीस अक्षरांत युरोप आटोपतो. सोबत प्रत्येक खेळाडूला पर्यायी नावांचा रकाना द्या, टोपणनावंही त्यातच.

गोलफरक
@कॉर्नरझेंडा, तुमच्या मूळ प्रश्नाला क्रम सांगायचा तर: आधी सामने, मग संघयाद्या, मग त्यावरून खेळाडूंची पानं, आणि लेख सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलट करतात, लेख आधी लिहितात आणि त्यातले आकडे पुढे कशालाच जुळत नाहीत. आणि प्रत्येक सामन्याखाली 'चूक कळवा' असं बटण द्या, त्यातून सामन्याचा क्रमांक आपोआप गेला पाहिजे. नुसता ईमेल पत्ता दिला तर 'तो १९३० चा कुठलासा सामना चुकलाय' अशी पत्रं येतात.

टिंगलटवाळ
आणि ते बटण १ एप्रिलला बंद ठेवा. नाहीतर कार्डिफवाले येतील.